हे कोण म्हणतंय?

तिच्या खुर्चीत तो बसला होता, आणि वर तिच्याच ग्लासातलं पाणी पीत होता.

"ही दुभाष्याची जागा आहे," ती म्हणाली.

"अरे बापरे! म्हणजे आता तीन आठवडे मी तुमच्या तोंडाने बोलणार?" तो हसत उठला. "जरा गोड बोला हं माझ्या वतीने..."

तो अणुभट्टीचा अभियंता. सगळे त्याला भट्टीवाला म्हणत. थोरल्या देशांनी अणुविद्येची दारं लावून घेतलेली, म्हणून या देशाने नव्याने वर येणाऱ्या दुसऱ्या एका देशाशी बोलणी सुरू केली होती. भट्टी विकायला पाहुणे एका पायावर तयार होते. पण ती बांधायची, दुरुस्त करायची विद्या शिकवायची का, इथेच घोडं पेंड खात होतं.

आणि पाहुण्यांची प्रमुख होती एक शास्त्रज्ञ. हुशार, आणि मेली देखणीही!

दुभाष्याचा एक नियम असतो. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे रोज तिला भट्टीवाल्याकडे बघून म्हणावं लागे, "तुमचे प्रश्न मला फार आवडतात."

"हे कोण म्हणतंय?" तो हळूच विचारी.

"पाहुणीबाई!" ती फणकारे.

तिचा घसा बसला तेव्हा त्याने न सांगता गरम पाणी आणून ठेवलं, हे खरं. पण आराखड्यावर पाहुणीचं आणि त्याचं डोकं जवळ आलं, की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा पाहुणी म्हणाली, "तुमच्याइतका तल्लख माणूस मी पाहिला नाही." हिने सांगितलं, "काम बरं आहे तुमचं."

शेवटच्या दिवशी पाहुणीने अट घातली. विद्या शिकवू, पण भट्टीवाल्याने तीन वर्षं आमच्याकडे यायला हवं.

हे वाक्य गिळूनच टाकावं, असं तिला वाटलं. कोणाला कळणार होतं? पण मग देशाच्या नशिबी कुलूपबंद भट्टी... एक झडप बिघडली तरी परक्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. ती भट्टीवाल्याकडे वळली.

"मला तुम्ही तीन वर्षं हवे आहात," ती म्हणाली.

"येईन. पण त्यांना सांगा, एक अडचण आहे," तो म्हणाला. "मी एका मुलीच्या प्रेमात पडलोय. ती याच टेबलाशी बसलीय... बोलायचा धीरच होत नाही."

टेबलाशी बायका दोनच. झालं! पाहुणीच असणार. तिने शब्दन्‌शब्द पाहुणीला सांगितला.

पाहुणी खो खो हसली, मग बराच वेळ बोलली. दुभाषीबाईंचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?" बोलणी चालवणाऱ्या मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला.

"त्या म्हणतात... म्हणजे मी म्हणते... 'अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा! ही मुलगी तीन आठवडे माझ्यावर डोळे वटारतेय. मला परकीला कळलं, तुम्हाला कळू नये? आणि आमच्याकडे आलात तर दुभाषी लागेलच की.'"

भट्टीवाल्याने पाहुणीकडे पाहिलंही नाही.

"येशील?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच, तू म्हणून.

"येईन."

"हे कोण म्हणतंय?"

"मी," ती म्हणाली. "या वेळी... मीच."