घरची पावलं

परिषदेच्या दारातल्या गालिच्याखाली, रेल्वेला यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीने चार मीटर केबल अंथरली होती. आत येणारा प्रत्येक जण तिच्यावरून चालत होता आणि शेजारच्या पडद्यावर त्याच्याविषयी एक नारिंगी ओळ उमटत होती. 'अनोळखी व्यक्ती. पुरुष. वजन सुमारे चौऱ्याऐंशी किलो. घाईत.' लोक हसत होते, मागे जाऊन पुन्हा चालून बघत होते. एका मोठ्या साहेबांना मशीनने 'उजव्या गुडघ्यात दोष' असं सुनावलं, तेव्हा त्यांनी चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना आपल्या ऑपरेशनची हकिगत ऐकवली.

मग लहानुजी ठवरे आत आले. नवीन पांढरा शर्ट, पायात कालच घेतलेले बूट. गालिच्यावरून ते चालले आणि पडदा हिरवा झाला. 'घरचा.' एवढंच.

"बघा, काकांना कसं ओळखलं!" केतकी राजवाडे टाळी वाजवून म्हणाली. ती कंपनीची अभियंता. लहानुजींना नागपूरच्या या हॉटेलात तिनेच आग्रहाने बोलावून घेतलं होतं.

ओळखणारच. लहानुजींनी चौतीस वर्षं रेल्वेत कीमन म्हणून काढली होती. रोज सहा किलोमीटर रुळांमधून चालायचं, रूळ खालच्या आडव्या स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या बघायच्या, ढिल्या झालेल्या हातोड्याने ठोकायच्या. स्लीपर ते स्लीपर पाऊल टाकून टाकून त्यांची चालच तेवढ्या मापाची झाली होती. लग्नाच्या वरातीतही ते तसेच चालत. त्यांची बायको त्यावरून आयुष्यभर त्यांची थट्टा करत आली होती.

परिषदेचं नाव लांबलचक होतं, त्यात 'सुरक्षित' हा शब्द दोनदा होता. व्यासपीठावर फुलं, फुलांमागे साहेब, साहेबांमागे मोठा पडदा. कंपनीचे संचालक श्रीकांत देशमाने यांनी लहानुजींना शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि मग माइक हातात घेऊन त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. चौतीस वर्षांत ज्याला एकाही साहेबाने खुर्ची दिली नव्हती त्याला आज तिसरी खुर्ची मिळाली होती. लहानुजींना बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. विलास असता तर त्याने पुढच्या रांगेत बसून फोटो काढले असते, एवढंच त्यांच्या मनात आलं.

विलास म्हणजे त्यांचा जावई. तोही कीमनच. गेल्या पंधरा जानेवारीला सकाळी, दाट धुक्यात, किलोमीटर आठशे बाराच्या वळणावर तो गाडीखाली गेला. चौकशीच्या कागदावर 'कर्मचाऱ्याची बेसावधता' असं लिहून आलं. त्याच्या जागी छायाला, लहानुजींच्या मुलीला, नोकरी मिळाली. तीच हद्द आणि तोच हातोडा.

केतकी उठली आणि पडद्यावर एक लांब रेघ आली. "हा आपला कवठा ते निंबोली मार्ग. आत्ताचा, या क्षणाचा."

तिने समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. रुळांच्या कडेने संदेशवहनासाठी काचेच्या धाग्याची केबल पूर्वीपासूनच पुरलेली असते. त्या धाग्यातून प्रकाश सोडायचा. जमीन थरथरली की धागा केसभर ताणला जातो आणि परत येणाऱ्या प्रकाशात तेवढा फरक पडतो. तो फरक वाचला की शंभर किलोमीटरची केबल म्हणजे दर मीटरला एक कान. रूळ तडकला, दरड आली, नीलगाय आडवी गेली, चोराने चाव्या उपसायला घेतल्या, सगळं कळतं. त्याच क्षणी इंजिनात घंटा वाजते, ड्रायव्हर वेग कमी करतो, भोंगा देत पुढे सरकतो. या यंत्रणेचं नाव रूळकान.

"पण सुरुवातीला रूळकान फार घाबरट होता," केतकी म्हणाली. "दिवसाला तीनशे चाळीस इशारे. त्यातले तीनशेहून जास्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या पावलांचे आणि हातोड्यांचे. मग काका आले."

ते अकरा महिने लहानुजींना लख्ख आठवत होते. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष. थंडगार खोली, कानांवर हेडफोन, समोर केतकी. ती आवाज लावायची, ते सांगायचे. हा दगड. ही गाय, गाभण आहे. ही ढिली चावी. आणि हा घरचा माणूस. हातोड्यावरून त्यांना नावंसुद्धा कळत. प्रत्येक कीमनची चावी ठोकून झाल्यावर रुळावर टकटक करायची आपली एक रीत असते, पुढच्या हद्दीतल्या सोबत्याला कळावं म्हणून. विलासची रीत लहानुजींचीच होती, एक जड ठोका आणि दोन हलके.

त्या दिवसांत घरच्या माणसांचे हाल चालले होते. कीमनच्या पावलांनी गाडी हळू झाली की गाड्यांच्या कंट्रोल रूममधून शिव्या यायच्या, मग मेमो. तिघांना तर आरोपपत्रं मिळाली होती. म्हणून लहानुजी जिवाचा कान करून ऐकायचे. जिथे नुसता संशय यावा इतका पुसट आवाज असे, तिथेही ते आपल्या माणसाला शोधून काढायचे. "हा घरचाच आहे मॅडम, याच्यापायी गाडी थांबवू नका. त्या पोराले मेमो भेटते." केतकीने यादीला नाव दिलं, 'घरचा'. एकही घरचा त्या यादीबाहेर राहू नये म्हणून म्हातारा जेवायचं विसरायचा.

"आणि आज इशारे किती? दिवसाला नऊ," केतकी म्हणाली. सभागृहात टाळ्या पडल्या. देशमान्यांनी त्यात भर घातली, "सलग सातशे दिवस या मार्गावर एकही अपघात नाही!"

लहानुजींनी बोटावर हिशेब केला. त्या सातशे दिवसांत ती पंधरा जानेवारीही येऊन गेली होती. त्यांनी शेजारच्या साहेबांना हळूच विचारलं. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, गाडीचा अपघात वेगळा. कर्मचारी दगावला तर त्याचं रजिस्टर वेगळं असतं."

लहानुजी उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरली, त्यांना कळलं नाही.

"मॅडम, एक इचारू का? मशीनले घरचा माणूस रुळावर दिसला, तं ते काय करते?"

"काही नाही काका," केतकी हसून म्हणाली. "ओळखतं आणि सोडून देतं."

"डायवरले सांगत नाही?"

"नाही. तुम्हीच तर..." एवढं बोलून ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"घरचे दाखवता का पडद्यावर? आत्ताचे."

देशमाने घड्याळाकडे बघत होते, पण पाहुण्याचा हट्ट म्हणून त्यांनी मान हलवली. केतकीने यादी उघडली. रेघेवर हिरवे ठिपके फुटले. कुठे दोन, कुठे एक. किलोमीटर आठशे बारापाशी एक. तिने त्यावर बोट ठेवलं आणि सभागृहाच्या भोंग्यांतून आवाज आला. एक जड ठोका, दोन हलके.

"छाया हाये ती," लहानुजी म्हणाले. "मायी पोरगी."

रेघेवर एक निळा पट्टाही सरकत होता, छायाच्याच रुळावरून, चार किलोमीटर मागे. एक्स्प्रेस. आणि शेजारच्या रुळावरून कोळशाची लांबलचक मालगाडी छायाच्या जवळून खडखडत चालली होती. तिथे डोंगर कापून रूळ काढलेत, दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती. शेजारून मालगाडी जात असली की त्या कापात देवाचाही आवाज ऐकू येत नाही. वॉकीटॉकीही तिथे मुकी होते, आणि कामाच्या वेळी छायाचा फोन रेल्वे फाटकाच्या खोलीत ठेवलेला असतो. विलासच्या वेळीही शेजारून मालगाडीच चालली होती.

"तिले सांगा. डायवरले सांगा. घंटी वाजवा!"

"इथून फक्त दिसतं काका, हुकूम देता येत नाही." केतकीने तोवर फोन लावला होता. पलीकडून कंट्रोलचा माणूस तिला तिचा हुद्दा विचारत होता. आठशे बाराला कर्मचारी आहे, ती सांगत होती. आमच्या पडद्यावर तिथे काही नाही, तो सांगत होता. खरंच नव्हतं. घरचे त्याला दाखवायचेच नाहीत असं ठरलेलं होतं.

"घाबरू नका, त्यांना प्रशिक्षण दिलेलं असतं," देशमाने माइकवर म्हणाले.

एक जड, दोन हलके. पोरगी मन लावून काम करत होती. बापाने शिकवलं होतं, अर्धवट चावी सोडायची नाही. लहानुजी पडद्याकडे तोंड करून "छाया, हट! हट वं बाई!" असे ओरडले, आणि चारशे माणसांच्या त्या सभागृहात कोणाला कुठे बघावं ते कळेना. निळा पट्टा हिरव्या ठिपक्यावर आला. भोंगे गडगडले. मालगाडी आणि एक्स्प्रेस एकमेकींत मिसळून नुसता आवाज उरला, मग तोही उतरत गेला.

ठिपका दिसत नव्हता. लहानुजी खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

मग ठण. एक जड. दोन हलके.

सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. लोक उभे राहिले, कोणी डोळे पुसले. देशमाने संधी सोडणारे नव्हतेच. "बघितलंत? यंत्र कितीही हुशार असो, माणसाच्या सतर्कतेला तोड नाही! वेळेवर बाजूला झाली की नाही?"

मागून एकाने विचारलं की घरच्यांसाठीही ड्रायव्हरला इशारा का देत नाही. प्रश्न सरळ होता, उत्तरही तयार होतं. या मार्गावर एकेचाळीस कर्मचारी रोज रुळावर असतात. प्रत्येकासाठी वेग कमी केला तर प्रत्येक गाडी तेवीस मिनिटं उशिरा पोचेल. "पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू," देशमाने म्हणाले, आणि चहाची सुट्टी जाहीर झाली. छाया वाचली होती, त्यामुळे आता घाई कसलीच नव्हती.

दाराबाहेर केतकीने लहानुजींना गाठलं. तिच्या हातात टॅब होता आणि ती रडलेली दिसत होती.

"पंधरा जानेवारी काढ पोरी," ते म्हणाले. आज पहिल्यांदाच ते तिला पोरी म्हणाले.

तिने काढलं. त्यांना वाचता येईना इतकी अक्षरं बारीक होती, म्हणून तिनेच वाचलं. "सात एकतीसपासून नऊ मिनिटं. किलोमीटर आठशे बारा. घरचा. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. कारवाई... काही नाही."

"अठ्ठ्याण्णव म्हणजे?"

"म्हणजे रूळकानने त्यांना ओळखलं होतं."

लहानुजींनी टॅबवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मीच ओळख करून देल्ली होती. त्याचा हातोडा मीच ऐकला होता ना तुह्या खोलीत. म्हटलं, मेमो नको भेटाले पोराले."

गालिच्यावरून माणसं चहाकडे जात होती. अनोळखी, नारिंगी. अनोळखी, नारिंगी. लहानुजी पडद्याकडे बघत राहिले.

"मंग चोर असता, तं?"

"काय?"

"विलासच्या जागी चाव्या काढणारा चोर असता, तं घंटी वाजली असती?"

केतकीने मान खाली घातली. "वाजली असती काका. अनोळखी माणसासाठी वाजते."

म्हातारा गालिच्याच्या टोकाशी गेला. त्याने नवे बूट काढून हातात घेतले आणि चालायला लागला. एक पाऊल लांब, एक अगदी जवळ. मध्येच थांबला, मागे सरकला, मग भरभर तीन पावलं. चौतीस वर्षांची सवय मोडताना तोल जात होता. पडदा हिरवा झाला, पुसट झाला, आणि मग नारिंगी. 'अनोळखी व्यक्ती. हालचाल संशयास्पद.' दारावरची घंटा वाजली. दोन सुरक्षारक्षक धावत आले.

लहानुजींनी तिथेच उभं राहून फोन लावला. छायाच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ होती, ती फाटकाच्या खोलीत पोचली असणार आणि तिथे ठेवलेला फोन तिच्या हातात आला असणार.

"छाया, ऐक. उद्यापासून घरच्यासारखी चालू नको. स्लीपर सोडून पाय टाक. मधातच थांब. हातोडा कसाबी मार, आपल्या रीतीनं नको मारू. चोरावानी चाल."

"बाबा, काय बोलून राह्यले तुमी? गाड्या लेट होतीन. मले मेमो भेटंल ना."

"घे," लहानुजी म्हणाले. "मेमो घे पोरी. घेत जाय मेमो." आणि चारशे पाहुण्यांच्या चहाच्या घोळक्यात तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

केतकी तिथेच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. दर सोमवारी रूळकान त्याला न समजलेले आवाज निवडून तिच्याकडे पाठवतो. ते ऐकून नाव देण्याचं काम, लहानुजींचे ते अकरा महिने संपल्यापासून, तिचंच आहे. येत्या सोमवारी त्यात किलोमीटर आठशे बाराची काही वेडीवाकडी पावलं असतील आणि रूळकान नेहमीप्रमाणे विचारेल, हे कोण आहे? ती काय लिहील?