टाचणी न लावता

माझं काम सांगितलं की लोक हसतात. मी चिखल मोजते. तळ्याच्या तळात लांब नळी खुपसून काढलेला, उभा चिरून टेबलावर आडवा ठेवलेला चिखल. पावसाच्या दिवसांत त्यावर फिका थर बसतो, शांत दिवसांत काळा. दोन्ही मिळून एक वर्ष. डोळ्याला भिंग लावायचं आणि वरच्या टोकापासून मोजत खाली जायचं. एकोणीस वर्षं हेच करतेय.

खोली तळघरात आणि थंडगार, नाहीतर चिखल सुकून तडकतो. चपला बाहेरच्या फळीवर काढायच्या. तिथे आबांच्या चपला अजून आहेत. आबांनी मला हे काम शिकवलं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ते दिसेनासे झाले. साहेब म्हणाले, "कंटाळून गेला असेल." अनवाणी? कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आबा गप्पिष्ट. "परदेशातले पूर्वीचे शहाणे त्यांच्या धर्मग्रंथातल्या पिढ्या मोजून सांगायचे, पृथ्वी सहा हजार वर्षांची. मग कोणीतरी थर मोजायला बसलं, आणि बसूनच राहिलं बघ पोरी!" असं म्हणून स्वतःच हसायचे. एका बाबतीत मात्र कडक. "टाचणी लावल्याशिवाय उठायचं नाही. आग लागली तरी." ज्या थरावर थांबलो तिथे लाल डोक्याची टाचणी खुपसायची. मला वाटायचं, मोजणी चुकू नये म्हणून.

त्या दिवशी तीनच्या बसने माझी लेक शिकायला लांब जाणार होती. सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. "चिखलाची साडेतीन हजार वर्षं तुला पाठ आहेत. माझी अठरा सांग बघू," ती म्हणाली. मी म्हटलं, "जा, एकदाची जा!" माझ्या जिभेला काही हाड आहे का? कामावर आले खरी, पण डबा उघडलाच नाही. ठरवलं, शंभरेक थर उरकायचे, दोनला निघायचं, तिला पोटाशी धरायचं आणि चुकलं म्हणायचं.

दोनला दहा कमी असताना फोन वाजला. पडद्यावर 'पिल्लू'.

"आई, निघालीस का?" आवाजात राग नव्हता.

"निघाले, निघाले!" म्हणत मी उठलेच. टाचणी डबीतच राहिली.

चपला घातल्या, जिना चढले, वरचं दार ढकललं. समोर कार्यालय हवं. अंगावर थंड हवा आली. तोच दिवा, तेच टेबल, माझी शाल स्टुलावर. घड्याळात दोनला दहा कमी.

चक्कर आली असेल म्हणून पाणी प्यायले. भिंतीला हात लावत, एकेक पायरी बघत पुन्हा वर गेले. पुन्हा तीच खोली.

तेव्हा चिखलाकडे लक्ष गेलं. त्याचं वरचं टोक सकाळी टेबलाच्या कडेला बसवलेल्या पितळी पट्टीला बरोबर टेकलेलं होतं; मोजणी तिथून सुरू होते. आता ते पट्टीवर चढून दोन बोटं पुढे आलं होतं. ओलं होतं. मी भिंग लावलं. नवे थर तेवीस.

फोन वाजला. 'पिल्लू'.

"आई, निघालीस का?" एका थकलेल्या, पोक्त बाईचा आवाज.

"अगं, हे दार..."

"असू दे," ती म्हणाली. "मी थांबते."

मी पळत सुटले. बाहेर फळीवर माझ्या चपला होत्या, आबांच्या शेजारी. मी त्या कधी काढल्या? त्यांच्यावर बोटभर धूळ होती. तशीच अनवाणी धावले. जिना, दार, थंडी.

अठ्ठावन्न थर.

"आई, निघालीस का?" आवाज कापत होता. मागून कोणीतरी लहान मूल विचारत होतं, "आजी, कोणाला फोन करतेस?"

"माझ्या आईला," ती त्याला म्हणाली. "निघालीये ती."

मी ओरडले, "चुकलं गं माझं!" पण फोन बंद झाला होता. जमिनीवर बसून रडले. मग आबांचे शब्द आठवले. टाचणी लावायची राहिली होती. ज्या थरावरून उठले त्याच थरावर लावली, तर दार कदाचित नीट उघडेल.

पितळी पट्टीपासून मोजत गेले. तीन हजार चारशे सोळा. की एकसष्ट? घाईत उठले तेव्हा आकडा अगदी ओठांवर होता हो!

सोळावर टाचणी लावली. वर गेले. तीच खोली.

एकसष्टवर लावली. तीच खोली.

मग भिंगातून दिसलं. त्या हातभर चिखलात टाचणीची बारीक भोकं होती. शेकड्यांनी. त्यातली माझी फक्त दोन.

आता एकेक थर करून बघतेय. मोजणीच्या वहीत हे लिहून ठेवलंय, कोणी उघडलीच तर कळावं म्हणून. आत्ताच वरचे नवे थर मोजले. एकशे चार. माझी लेक अठराची होती.

फोन वाजतोय. पडद्यावर तिचंच नाव आहे.