भिंतीवरचा घास

ही ऐकीव गोष्ट नव्हे. माझी धाकटी जाऊ विशालाक्षी हिच्या घरी हे घडले, आणि आमच्या घराण्यात खोटे बोलण्याची रीत नाही. ज्यांना हसायचे असेल त्यांनी पापनाशमजवळच्या त्या गावी जावे आणि भर दुपारी तिच्या परसात एकटे उभे राहून दाखवावे.

१९९३ चा डिसेंबर. एका रात्रीत वादळाने कौले उडवली आणि केळीची बाग आडवी केली. कालव्याच्या पुरात माणसे वाहून गेली. कित्येकांची ओळखही पटली नाही. त्यांना पाणी कोण देणार?

सकाळी विशालाक्षीने पदर खोचला. चिखल उपसला, छपरावर ताडपत्री ताणली, ओल्या सरपणावर कसाबसा भात शिजवला.

आमच्या तंजावरच्या मराठी घरांत परसाच्या भिंतीवर कावळ्याला भात ठेवल्याखेरीज पाने घेत नाहीत. कावळा म्हणजे पितर. त्याने चोच लावली की मगच घरचे जेवणार.

"का... का..." तिने हाक दिली.

कावळा आला नाही.

आभाळात एक पाखरू नव्हते.

"अग, सरकारी मदत मिळते म्हणून तेही तालुक्याला गेले असतील," माझा दीर सतीशकुमार म्हणाला. "वाढ आता."

"सासूबाईंनी जन्मभर पाळलेले मी मोडू? थट्टा पुरे झाली तुमची."

दिवस कलला. लहानगी संगीता भुकेने रडू लागली. सकाळपासून राबून थकलेली विशालाक्षी भिंतीपुढे हात जोडून कळवळून म्हणाली, "जे कोणी भुकेले असाल ते या. पण जेवा एकदाचे!"

पितरांना नावागोत्राने बोलवावे. असे मोकळे आवतण कधी देऊ नये. थकव्यात ती हे विसरली.

ती वळली. पुन्हा पाहिले तो...

भात नव्हता.

भिंतीवर ओल्या बोटांचे ठसे होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. मूठभर भात पुरेना. वाडगा झाला, मग परात. कधी उशीर झाला, तर परसदाराच्या फळीवर...

टक. टक.

अगदी हलक्या हाताने. आदबशीर पाहुणा ठोठावतो तसे.

सतीशकुमारची थट्टा थांबली. विशालाक्षीचा बाजार गेला, माहेर गेले, देऊळही सुटले. दुपार झाली की तिला घरीच असावे लागे.

पोंगलच्या सुमारास तिचा भाऊ हनुमंतराव मद्रासहून मोटार घेऊन आला. "अक्का, छप्पर होईतो पोरीला घेऊन चल माझ्याकडे. किती झिजशील?"

ती ढसाढसा रडली. आणि निघाली. त्या दिवशी भिंत रिकामी राहिली.

गाडी कालव्याच्या पुलाशी आली. संगीता मागच्या काचेतून पाहत होती.

"अम्मा, ते सगळे चालत येताहेत."

"कोण ग?"

"आपल्याकडे जेवतात ते."

हनुमंतरावाने गाडी थांबवली. रस्ता रिकामा होता. फक्त कोरड्या धुळीत...

ओली पावले. लहान, मोठी. गाडीच्या दारापर्यंत आलेली.

विशालाक्षी मुकाट्याने उतरली. "हनुमंता, पोरीला घेऊन जा. आणि मागे बघू नकोस."

घराचे छप्पर पुन्हा उभे राहिले. संगीता मामाकडेच वाढली, शिकली, तिकडेच तिचे लग्न झाले. आईने त्या लग्नाचे फोटो तेवढे पाहिले.

गेल्या वर्षी मी स्वतः तिथे गेले. कावळे केव्हाच परतले आहेत. कडुनिंबावर ओळीने बसतात, भिंतीकडे तोंड करून. विशालाक्षीने भात वाढला. एकही खाली उतरला नाही.

"हे खात का नाहीत ग?" मी विचारले.

तिने दुसरी परात उचलली.

"थांबलेत, जाऊबाई. आधीची पंगत अजून उठली नाही."

मी तिथे पाणीसुद्धा घेतले नाही. निघाले, ती मागे न पाहता.