सदतिसावं नाव

नव्या शाळेचा पहिला दिवस म्हटलं की धास्ती वाटतेच. चिमीला त्या सकाळी दोन धास्त्या होत्या. एक शाळेची, आणि दुसरी "नाव काय तुझं?" या प्रश्नाची.

चिमी चौदा वर्षांची. लहानपणापासून बोलताना अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर टाळ्याला चिकटायचं आणि सुटता सुटायचं नाही. समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा, नाहीतर तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा, तेही चुकीचं. तिची आई परिचारिका होती. आईची बदली झाली म्हणून आई, आजोबा आणि चिमी असे तिघं या गावात आले, आणि चिमीचं नाव ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत नववीत घातलं गेलं.

आजोबा तिला फाटकापर्यंत सोडायला आले. सारा जन्म त्यांनी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवला होता. अजूनही ते "भाजी आणली" असं सांगायचे तरी शेजारच्या तीन घरांना कळायचं.

"शब्द अडला तर काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ढ... ढकलायचं नाही."

"का?"

"गाडी सिग्नलला थांबली म्हणून र... रद्द होत नाही."

"शाब्बास, माझी मालगाडी. उशिरा येते, पण माल पोचवते. जा आता."

शाळा जुनी होती. लांबच लांब व्हरांडा, फिनेलचा वास, आणि व्हरांड्याच्या टोकाला चॅपल, म्हणजे शाळेचं प्रार्थनाघर. चॅपलच्या दारातून मेणाचा आणि ओलसर लाकडाचा गार वास यायचा. चिमीने पहिल्याच दिवशी एक गोष्ट टिपली. मुली व्हरांडाभर कलकलाट करत चालायच्या आणि चॅपलच्या दारापाशी आल्या की चिडीचूप व्हायच्या. दार मागे पडलं की पुन्हा कलकलाट सुरू.

तिसऱ्या तासाला मोठ्या सिस्टर वर्गात आल्या. मुख्याध्यापिका म्हणून त्याही याच सत्रात बदलून आल्या होत्या, म्हणजे चिमीइतक्याच नव्या. त्यांनी सांगितलं, "शुक्रवारी सत्रारंभाचा मिस्सा, म्हणजे चॅपलमधली मोठी प्रार्थना, आहे. या शाळेत शिकवून गेलेल्या, आता हयात नसलेल्या सिस्टरांची नावं त्या दिवशी वाचतात. वाचणारी नववीची मुलगी असते. कोणी वाचावं ते तुम्हीच चिठ्ठीवर लिहून द्या."

चिठ्ठ्या गोळा झाल्या. सिस्टरांनी एक उघडली, दुसरी उघडली, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. अडतीस चिठ्ठ्या, अडतीस अक्षरं, आणि सगळ्यांवर एकच मजकूर होता. 'नवीन मुलगी.'

एकोणचाळिसावी चिठ्ठी चिमीची होती, ती कोरीच होती. तिला कोणाचं नावच माहीत नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसणारी पोस्टमास्तरांची मुलगी डबा न उघडता बसून राहिली. शेवटी खालमानेने म्हणाली, "मीपण तुझंच लिहिलं. माफ कर."

"क... का?"

मग तिने सांगितलं. पूर्वी इथे एक सिस्टर होत्या. मुली त्यांना टकटक सिस्टर म्हणायच्या. त्यांच्या हातात लाकडाच्या दोन फळ्यांची लहानशी टाळी असायची. मिस्साच्या वेळी मुलींनी कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, ते त्या टाळी वाजवून सांगायच्या. वाचणारीचा उच्चार चुकला की तीच टाळी वाजायची. टक. तीन चुका झाल्या की मुलगी खाली. सिस्टर वारल्याला चार वर्षं झाली, त्यांचं नाव यादीच्या तळाशी चढलं...

"आणि तरी टाळी वाजते," पोस्टमास्तरांची मुलगी म्हणाली. "मागच्या बाजूला गाणाऱ्यांचा माळा आहे ना, तिथून. माळ्याला कुलूप असतं. पहिल्या नावापुढे कोणी गेलेलंच नाही. पहिल्या वर्षीची मुलगी तिसऱ्या टाळीला थांबली, आठ दिवस तिचा आवाज गेला. दुसरीचा महिनाभर. आणि गेल्या वर्षीची..."

तिने मैदानाकडे बोट दाखवलं. भिंतीला टेकून दहावीतली एक मुलगी उभी होती. बेकरीवाल्यांची थोरली. गळ्यात दोरीने अडकवलेली वही, वहीला पेन्सिल. "गाण्यात पहिली यायची ती. वर्ष झालं, तोंडातून शब्द नाही. घशाला काही झालेलं नाही, असं सगळे डॉक्टर म्हणतात."

चिमीने घरी यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तरी सांगायला रात्र लागली असती.

गुरुवारी दुपारी ती सरावासाठी एकटीच चॅपलमध्ये गेली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, आत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. वेदीजवळ एक दिवा मिणमिणत होता. बाकांच्या रांगा अंधारात बुडालेल्या. वाचनासाठी एक उंच लाकडी मेज होतं, त्यावर यादी ठेवलेली. सदतीस नावं. जुन्या नावांची शाई तपकिरी पडली होती, शेवटचं नाव अजून काळंभोर होतं.

तिने पहिलं नाव उच्चारायला तोंड उघडलं. पहिलंच अक्षर अडलं.

टक.

आवाज मोठा नव्हता. कोणी बोटाने बाकावर टिचकी मारावी तेवढाच. पण तो वरून आला, मागून, आणि त्यानंतर चॅपलमध्ये जी शांतता पसरली ती कान लावून बसलेल्या माणसाची होती. चिमीला चंदनाच्या साबणाचा वास आला. मग कोणीतरी नाकाने श्वास घेतला... सावकाश, नाराजीने.

ती पळाली नाही. पाय हललेच नाहीत, हे खरं कारण. थोड्या वेळाने तिने यादी घडी करून ठेवली आणि पाठ न दाखवता, उलट पावलांनी दारापर्यंत आली.

त्या संध्याकाळी तिने आजोबांना इतकंच विचारलं, "त... तुमच्या घोषणेला कोणी हसायचं?"

"हसायचे की. एकदा एक साहेब येऊन म्हणाले, तुमचे उच्चार गावठी आहेत. मी म्हटलं, साहेब, तुमची गाडी सुटतेय."

शुक्रवारी सकाळी चॅपल खचाखच भरलं. पुढे नववी, मागे दहावी, त्यामागे बाकीचे वर्ग. वीज गेलेली होती, म्हणून वेदीवर आणि भिंतीशी मेणबत्त्या लावल्या होत्या. फादरांची प्रार्थना झाली. मोठ्या सिस्टरांनी मान हलवली. चिमी उठली. मेजापर्यंतची बारा पावलं चालताना तिला नव्या बुटांची करकर ऐकू येत होती, आणि अडतीस मुली तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होत्या.

नियम सोपा होता. ती एक नाव वाचणार, मग सगळ्यांनी म्हणायचं, "शांती लाभो."

तिने तोंड उघडलं. अक्षर अडलं.

टक.

दुसऱ्यांदा प्रयत्न केला.

टक.

मेणबत्त्यांच्या ज्योती एकदम खाली बसल्या. पहिल्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. चिमीने पुन्हा तेच अक्षर उचललं, आणि ते जिभेवरच मोडलं.

टक.

आणि आवाज गेला. गळ्याभोवती गार, कोरडी बोटं पडल्यासारखं झालं. छातीत श्वास होता, पण वर यायला वाट नव्हती. चंदनाच्या साबणाचा वास आता अगदी कानामागे होता. तीन झाल्या, आता खाली जा, असं कोणी न बोलता सांगत होतं. आधीच्या तिघी मुलींचं इथेच संपलं होतं. बोलणाऱ्या, गाणाऱ्या मुली त्या. आवाज जाणं म्हणजे काय हे त्यांना आधी कधी ठाऊकच नव्हतं. घाबरल्या आणि खाली उतरल्या.

चिमीला मात्र हे ठिकाण चांगलं माहीत होतं. आवाज नसलेल्या या जागी ती रोज दहादा येऊन जायची. दूध मागताना, पत्ता विचारताना, स्वतःचं नाव सांगताना. इथे घाबरून काही होत नाही, ढकलूनही काही होत नाही. इथे फक्त उभं राहायचं असतं.

ती उभी राहिली.

चॅपलमध्ये कोणी हललं नाही. फादरांनी उठायला म्हणून बाकाचा हात धरला होता, मोठ्या सिस्टरांनी त्यांना नजरेने थांबवलं. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. गळ्यावरची बोटं घट्ट झाली, मग जराशी गोंधळल्यासारखी सैलावली, कारण ही मुलगी खाली उतरतच नव्हती.

आणि मग पहिलं नाव आलं. तुकड्या तुकड्यांनी, तीन ठिकाणी मोडून, पण आख्खं आलं.

"शांती लाभो," दोन-चार आवाज पुटपुटले.

टक. टक. टक. वरची टाळी आता चवताळली. चिमीने दुसरं नाव वाचलं. त्यात चार टाळ्या वाजल्या. तिसऱ्यात सहा. दहाव्या नावापर्यंत माळ्यावरून गारा पडल्यासारखा आवाज येत होता, पण चिमीचं वाचन चालूच होतं. अडायचं, थांबायचं, यायचं. तीन चुकांवर मुलगी खाली, हा हिशोब तीन चुका करणारीसाठी होता. दर नावाला पाच चुका करणारीचं काय करायचं, हे टकटक सिस्टरांना कोणी शिकवलं नव्हतं.

"शांती लाभो." आता पोस्टमास्तरांच्या मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तिचं बघून शेजारचीचा, मग आख्ख्या रांगेचा. विसाव्या नावाला नववीतल्या सगळ्या मुली मान वर करून चिमीकडे बघत होत्या. तिसाव्या नावाला आख्खं चॅपल एका सुरात बोलत होतं, आणि टाळी मंदावली होती. दमलेल्या माणसाच्या पावलांसारखी, मधेच थांबून, पुन्हा एक... टक.

छत्तिसावं नाव झालं. राहिलं एकच, काळ्याभोर शाईतलं.

चिमीने ते पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की चार वर्षांत हे नाव इथे कोणी उच्चारलेलंच नाही. कोणी पहिल्या नावापुढे गेलंच नव्हतं. ज्यांचं नाव होतं, त्यांनीच जाऊ दिलं नव्हतं.

पहिलं अक्षर अडलं. तिने वर माळ्याकडे पाहिलं. तिथे अंधार होता, पण तो अंधार कठड्याला टेकून पुढे वाकला होता. टाळी वाजली नाही.

"स... सिस्टर, ज... जरा थांबा," चिमी म्हणाली. "येतंय."

आख्खं चॅपल थांबलं. अंधारही थांबला. चिमीने श्वास घेतला, सोडला, आणि ते नाव वाचलं. पाच वेळा अडखळून, पण एकही अक्षर न गाळता.

"शांती लाभो."

सगळ्या आवाजांत एक आवाज घोगरा होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. दहावीच्या मुली वळून बघायला लागल्या. बेकरीवाल्यांची थोरली तोंडावर हात धरून उभी होती. मग तिने हात काढला आणि पुन्हा म्हणाली, या वेळी एकटीच, मोठ्याने, "शांती लाभो."

वर माळ्यावर लाकडी फळ्या करकरल्या. कोणीतरी जड अंगाने सावकाश गुडघे टेकावेत तशा. ज्योती ताठ उभ्या राहिल्या. चंदनाचा वास विरत विरत गेला.

त्यानंतर मैदानावर जे झालं ते चिमी जन्मभर विसरणार नव्हती. मुलींनी तिला गराडा घातला. बेकरीवाल्यांच्या थोरलीने गळ्यातली वही काढून तिच्या हातात दिली आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "ठेव तुला. मला नको आता." ती बोलत राहिली, गाणं गुणगुणत राहिली, दोन शिक्षिका कोपऱ्यात डोळे पुसत राहिल्या. कोणीतरी चिमीला विचारलं, "नाव काय ग तुझं खरं?" चिमी अडली. आणि चाळीसेक मुली इकडेतिकडे न बघता, घड्याळ न बघता, तिचं नाव पुरं होईपर्यंत थांबल्या.

आजोबा फाटकाशी आले होते. हकिगत ऐकून त्यांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "गाडी वेळेवर पोचली." इतक्या हळू बोलताना चिमीने त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

ते निघणार इतक्यात मोठ्या सिस्टरांनी चिमीला हाक मारली. त्यांच्या हातात माळ्याची किल्ली आणि एक मेणबत्ती होती. चेहरा जरा उतरलेला होता.

"बाळ, एक मिनिट वर येतेस? तू बघावंस असं वाटतं."

अरुंद जिना चढून दोघी वर गेल्या. माळ्यावर बोटभर धूळ साचली होती. इतक्या वर्षांत तिथे पाऊल पडलेलं नव्हतं, धुळीवर एकही ठसा नव्हता. फक्त कठड्याजवळ, वाचनाच्या मेजाच्या बरोबर समोर, दोन गुडघ्यांच्या खुणा होत्या. रुंद, खोल, ताज्या.

"टेकले शेवटी त्यांनी," चिमी म्हणाली. तिला आनंदच झाला.

 सिस्टरांनी मेणबत्ती थोडी डावीकडे नेली.

त्या खुणांच्या शेजारी, अगदी लागून, आणखी दोन खुणा होत्या. लहान. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यांएवढ्या. त्याही ताज्याच होत्या.

चिमी त्या खुणांपाशी उकिडवी बसली. खाली मैदानावरून मुलींचं हसणं ऐकू येत होतं.

"सिस्टर," तिने विचारलं, "यादीत सगळ्यांची नावं आहेत ना?"

हे वाक्य ती एकदाही न अडखळता बोलली होती. सिस्टरांनी मेणबत्ती तिच्या चेहऱ्याजवळ आणली; यादीत लहान मुलाचं एकही नाव नव्हतं.