चतुरामायचं लाकूड

हे खरंय. पटत नसलं तर वाचू नका, मला काय फरक पडत न्हाई. गॅसवर मॅगी करून भुताच्या गोष्टी वाचणाऱ्यांना बाभळीच्या लाकडातलं काय कळणार म्हणा.

कंधारजवळचं आमचं गाव. दोन हजार एकोणीस. मिरगाच्या आधीचा आठवडा. मी अकरा वर्षांचा.

रात्र-बित्र न्हाई. भर दुपार.

पाऊस पडायच्या आत जळतन फोडून पत्र्याच्या शेडात रचायचं, हे दरसालचं काम. बा कुऱ्हाड मारायचा, मी थप्पी लावायचो. जाड खाली, बारीक वर.

त्या साली पहिल्यांदा कुऱ्हाड माझ्या हातात आली. गाठीचा एक ओंडका, तीन दिवस झुंजलो त्याच्याशी. तळहात सोलले. पण त्यातलं एक लाकूड असं निघालं का बा म्हणला, "आनंद्या, याला म्हणतात लाकूड!"

शेजारी चतुराबाई ऱ्हायची. एकटी म्हातारी. सगळे तिला चतुरामाय म्हणायचे. रोज दुपारी आमच्या शेडात यायची. लाकूड वाळलंय का बघायला बोटाच्या पेरानं थप्पीवर ठोकायची.

ठक... ठक...

"एक लाकूड दे रे लेकरा."

"का? तू रचलीस का थप्पी?"

लई डोकं फिरायचं माझं. फुकटी म्हातारी! पण बा रोज द्यायचा.

मंग ती मेली.

आमच्याकडं मयत झालं का घरटी एक लाकूड द्यायचं. बानं नेमकं माझं लाकूड उचललं अन् माझ्याच खांद्यावर दिलं.

"चांगलं वाळलंय. तिला लागंल."

जित्तेपणी फुकट, अन् मेल्यावर बी फुकट?

वाटेत मी ते शेताच्या धुऱ्यावरच्या झुडपात टाकलं. ओढ्यातलं ओलं खोड उचललं अन् सरणावर नेऊन ठेवलं. एवढी शहाणी माणसं जमली होती. एकाला बी दिसलं न्हाई.

सरण नुसतं धुपत ऱ्हायलं. पायाकडून पेटंचना.

बा घाम पुसत म्हणला, "एक लाकूड कमी पडलं."



सांजच्याला माझं लाकूड घरी आणलं. थप्पीच्या पार तळाला खुपसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी...

ठक... ठक...

पळत शेडात गेलो. कुणी न्हाई.

माझं लाकूड थप्पीच्या वर.

घरात जाऊन माझ्या मायला इचारलं, "माय, तू ठोकलंस का?"

"मला काय कामधंदे न्हाईत?"

परत तळाला घातलं. परत वर.

चुलीत घातलं. चूलच इझली. मायच्या भाकरी कच्च्या ऱ्हायल्या, वरून शिव्या मलाच.

तळ्यात फेकलं.

दुपारी थप्पीवर... कोरडं ठणठणीत.

पुढं गावात तीन मयतं झाली. तिन्ही वेळा ते लाकूड मी सोता सरणावर ठेवलं. पेटलेलं बघूनच घरी आलो.

अन् दुसऱ्या दिवशी थप्पीवर. काजळीचा ठिपका न्हाई.

ते ठोकणं ऐकू यायचं फक्त मला. माय तिथंच बसून शेंगा सोलायची, बा बाजंवर घोरायचा. त्यांना काहीच न्हाई. नववीत शाळा सोडली, सतरा वर्षांचा झालो, तरी रोज दुपारी तेच.

सवय झाली. म्हणलं ठोक म्हातारे, किती ठोकती ते!

औंदा बा कामावर स्लॅबवरून पडला. दोन महिने झाले, बाजंवर हाय. नांदेडच्या डॉक्टरनं घरी घिऊन जा म्हणून सांगितलं.

माझा बा भुताचं नाव काढलं का हसणारा माणूस. सगळं गाव देवऋष्याकडं पळतं, हा एकटा कधी गेला न्हाई.

आज दुपारी...

ठक... ठक...

मी मान बी वळवली न्हाई.

बाजंवर बानं डोळे उघडले.

"आनंद्या... चतुरामाय आली वाटतं. दे की एक लाकूड."

तवापसून ते लाकूड मांडीवर घिऊन शेडात बसलोय. हितंच बसून हे मोबाईलवर टाइप करून राहिलो. आता द्यायला तयार हाय मी.

पण समोर कुणीच न्हाई.

अन् आतून बा परत परत इचारून राहिला...

"दिलंस का रे?"