पुनरुत्थानात ती कोणाची?

“तुझी ताई तिथं माझी वाट बघत असेल...” नवरा उशीवर मान टेकवत म्हणाला, आणि तिच्या हातातला औषधाचा चमचा तसाच अधांतरी राहिला.

“आणि मी? मी आले म्हणजे?”

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

बावीस वर्षं! ताई गेली तेव्हा तिची लेक जेमतेम तीन वर्षांची होती. धर्मभगिनी होऊन मठात जाण्यासाठी पेटी भरून बसलेल्या या धाकट्या बहिणीनं ती पेटी मुकाट्यानं रिकामी केली, पोरीला कडेवर घेतलं आणि मेहुण्याशी लग्न लावलं. पोर वाढवली, तिला सासरी धाडलं. सुतारकाम करताना छपरावरून पडून तो अंथरुणाला खिळला, तेव्हापासून सहा वर्षं त्याला न्हाऊमाखू घातलं... आणि शेवटी हे? इथं ताईच्या जागेवर, आणि तिथं कुठेच नाही!

भरल्या डोळ्यांनी ती तडक चर्चमध्ये गेली. म्हातारे फादर वेदीवरचं मेण खरवडत होते. तिनं शुभवर्तमान उघडून त्यांच्यापुढे धरलं. एकेक मरत गेला तसं एका बाईशी सात भावांनी एकामागून एक लग्न केलं, मग मेलेले पुन्हा उठतील त्या पुनरुत्थानात ती कोणाची, असं येशूला विचारतात, तो उतारा.

“तिथं लग्नच नसतं म्हणे! मग मी राबले ते कशासाठी, फादर?”

फादर बाकावर टेकले. “विचारणारे पुनरुत्थान मानतच नव्हते, बाई. त्यांना फक्त कोंडीत पकडायचं होतं. बाई म्हणजे जणू घरातलं भांडं, कोणाच्या वाट्याला जाणार? येशू म्हणतो, कोणाच्याच नाही. ती देवाची. मरण नाही तिथं लग्नाची गरज उरत नाही, पण प्रेम पुसलं जात नाही. उलट ते पूर्ण होतं. तिथं कोणाचा हेवा उरत नाही.”

“हेवा मला तिथं नाही वाटत, फादर... इथं वाटतोय! आत्ता!”

फादरांची मान खाली गेली. “ते मात्र तुझ्या नवऱ्यालाच विचारावं लागेल,” ते हळूच म्हणाले.

ती परतली तेव्हा नवरा लहान मुलासारखा रडत होता.

“मला वाटलं, तू गेलीस...”

“जायला हवं होतं! बावीस वर्षांपूर्वीच! मघाशी का नाही बोललात?”

“काय बोलू? मला मरणाची नाही, तिची भीती वाटते गं! ती पहिल्याच भेटीत विचारेल, माझ्या बहिणीला काय दिलंस? मठात जायचं सोडून आलीस, मी एकदाही विचारलं नाही, तुला काय हवंय... तुझ्यात मी तिलाच शोधत राहिलो. फसवलं मी तुला!”

ऐकायला ते सुखाचं नव्हतं, पण खोटंही नव्हतं... मग ती खाटेवर, त्याच्या अगदी जवळ बसली.

“ताईला मी ओळखते,” ती म्हणाली. “आधी रागावेल. मग रडेल.”

चौथ्या दिवशी फादर एकांतात त्याचं पापनिवेदन ऐकायला आले. ती बाहेर निघाली तसा तो क्षीण आवाजात म्हणाला, “दार उघडं राहू दे. तिलाही ऐकू दे सगळं...”

ती वळली. त्याच्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला.

“माझं ऐकून झालंय,” ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिनं स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं.