जिनावर एकच नाव

"कुंदा, मन्हं ठेवणीतलं लुगडं काढ! माले बी आज मत देवानं शे!"

सुगंधाबाईंच्या आवाजातला तो उल्हास ऐकून धाकटी जाऊ कुंदाबाई हातातले काम टाकून बघतच राहिली. वैधव्याच्या वीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी कधी लुगडे मागितले नव्हते! पती रुपचंद गेल्यावर धुळ्याचे ते कापसातून सरकी काढायचे जिन त्यांनी एकटीने चालवले, रुईच्या धुळीत छाती खोकून खोकून पोकळ करून घेतली, आणि नऊ वर्षांच्या पोरक्या दिराला, लीलाधरला, शिकवून वकील केले. पोटी मूल नव्हते... पण तसे त्यांना कधी वाटलेही नाही.

आज तोच लीलाधर नगरपालिकेला उभा होता. त्या काळी उभे राहायला स्वतःच्या नावची घरपट्टी लागे, आणि घर, जिन, सारे सुगंधाबाईंच्या नावावर. बिचारा महिनाभर तोंड चुकवत हिंडला. शेवटी त्यांनीच विषय काढला होता, "तुन्हं-मन्हं काय शे रे आपलामा? बठ्ठं तुन्हा नाववर करी टाक!" कागदावर अंगठा उठवताना त्या हसत होत्या.

मतदानाच्या शाळेत बायकांची रांग चार-पाच जणींचीच. कारकून मोतीलालने यादीवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले.

"अक्का, तुमचं नाव नाही यात."

"नीट देख रे बाप! मागला खेपले व्हतं!"

"तेव्हा होतं. पण मत मिळतं घरपट्टीवर, आणि एका जागेला एकच नाव. तुमचं जिन आता वकीलसाहेबांच्या नावावर आहे ना..."

ज्याला उभे करायला नाव दिले, त्यालाच मत देता येऊ नये! कायद्याची पुस्तके कोळून प्यालेल्या वकिलालाही हे सुचले नव्हते, तिथे या भोळ्या बाईला काय सुचणार!

"कोणले सांगू नको, मोतीलाल," एवढेच त्या म्हणाल्या.

फाटकाशी लीलाधर हात जोडून उभा होता. "वहिनी, दिलंत मत?"

"दिन्हं ना!" त्या हसून म्हणाल्या. लीलाधरशी त्या आयुष्यात पहिल्यांदाच खोटे बोलल्या होत्या.

तो निवडून आला, नगराध्यक्षही झाला! पहिला हार त्याने वहिनींच्या पायांवर ठेवला. "तुमच्या मताने आलो, वहिनी!" त्या शब्दांनी त्यांच्या काळजात काय झाले, ते त्यांनाच ठाऊक.

मग माणसांचा राबता वाढला, घर अपुरे पडू लागले, आणि लीलाधर-कुंदा पांझरा नदीपलीकडे देवपूरला भाड्याच्या बंगल्यात राहायला गेले. सुगंधाबाई जिनाजवळच राहिल्या. पण जिनातही आता त्यांचे काय उरले होते? काही सांगावे तर मुनीम अदबीने म्हणे, "साहेबांना विचारतो." लीलाधर आधी दर रविवारी येई, मग सणावारी, आला तरी घरची अहिराणी सोडून शहरी साफ मराठी बोले, टांगा उभाच ठेवी. सुगंधाबाई मात्र रोज त्याच्या वाटच्या दोन ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी जास्त थापत... आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या त्याच खात. इतके मोठे घर, आणि बोलायला भिंतीसुद्धा नाहीत असे त्यांना होऊन जाई!

तिसऱ्या वर्षी पौषात तो अचानक आला. "वहिनी, एका कागदावर अंगठा हवाय." आता आणखी काय राहिले होते द्यायला? त्यांनी विचारले नाही. त्याने मागावे आणि आपण विचारावे, हे त्यांना जमलेच नसते!

पुन्हा निवडणूक आली. सकाळीच शिपाई निरोप घेऊन आला, अक्कांचे नाव यादीत आहे! सुगंधाबाई धावतपळत शाळेत गेल्या. मोतीलालने उठून नमस्कार केला, मताचा कागद हातात दिला आणि उमेदवारांची नावे वाचली. तीन नावे.

"आणि लीलाधर?"

मोतीलालने मान खाली घातली. "साहेब या वेळी उभे नाहीत, अक्का."

तो कोरा कागद तसाच परत करून त्या बाहेर आल्या. फाटकाशी लीलाधर एकटाच उभा होता. ना टांगा, ना माणसे. तीन वर्षांनी तो पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलला.

"वहिनी, नवी यादी सहीले ऊनी. मी पहिलं तुमनं नाव धुंडं. नव्हतं! मंग मोतीलालनं बठ्ठं सांगं... त्या दिवशी तुम्ही रिकाम्या हाते घर गयात, आनि मी हार घाली हिंडनू!" त्याचे डोळे भरून आले. "एक जिनवर एकच नाव राहस. ते तुमनं शे. पौषमा तुमना अंगठा लिन्हा तो त्यानाच करता."

"अरे, पन तुन्ही खुर्ची..."

"राहू द्या. वहिनी... आज तरी दिन्हं का मत?"

सुगंधाबाईंनी पदराने आधी त्याचे डोळे पुसले.

"नही दिन्हं," त्या म्हणाल्या. "चाल घर. तुन्ह्या दोन भाकरी ठेवेल शेतस."